जुन्या पिकअपला कोणता फिल्टर ‘हवा’?

सकाळच्या वेळी वाशीनाक्याहून माहुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर टँकरच्या रांगा लागलेल्या असतात. त्या रांगांच्या कडेने भाजीच्या गोणी, पाण्याचे जार, सळया आणि कधी एखाद्या कुटुंबाचे घरसामान लादलेले छोटे पिकअप वाट काढत असतात. त्यातील एखाद्या जुन्या गाडीने चढावर दुसरा गिअर टाकला की सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट बाहेर पडतो आणि मागच्या रिक्षातील प्रवासी नाकाला रुमाल लावतात. चालकाची तक्रार मात्र वेगळीच असते. ‘गाडी पिकअप घेत नाही,’ असे तो गॅरेजमध्ये सांगतो.

या तक्रारीवर हल्ली एक झटपट उपाय सुचवला जातो. मूळचा काळा प्लास्टिकचा डबा आणि त्यातला कागदी फिल्टर काढून टाकायचा आणि त्या जागी चकचकीत, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. ‘इंजिनाला मोकळी हवा मिळते, ताकद वाढते, अॅव्हरेज सुधारते,’ असे विक्रेते सांगतात. जीव दिवसभराच्या फेऱ्यांवर अवलंबून असलेल्या चालकाला हे पटतेही. प्रत्यक्षात माहुलसारख्या भागात हा बदल जुन्या इंजिनाचे आयुष्य वाढवण्याऐवजी कमी करण्याचीच शक्यता अधिक आहे. तसे का, हे समजण्यासाठी इंजिन श्वास कसा घेते ते आधी पाहावे लागेल.

तासाला दीड लाख लिटर हवा

रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या पिकअपपैकी अनेकांचे डिझेल इंजिन अडीच लिटर क्षमतेचे असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो. म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वेगाने चालणारे असे इंजिन मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर आणि तासाला दीड लाख लिटर हवा आत घेते. टर्बो असेल तर हा आकडा आणखी वाढतो. २००५ साली बाजारात आलेल्या आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसचे मूळ डिझेल इंजिन अवघे ७०२ सीसीचे, पण तेही वेगात असताना मिनिटाला हजारभर लिटर हवा ओढते. दुसऱ्या बाजूने हिशेब मांडला, तर एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी किमान दहा हजार लिटर हवा लागते. माणूस साधारण दिवसभरात तेवढी हवा श्वासावाटे घेतो.

आता या हवेत धूळ किती? देशाच्या मानकानुसार दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत असावे. मुंबईची हवा नेमकी या मर्यादेवर आहे असे धरले, तरी महिन्याला दोनशे तास चालणाऱ्या पिकअपच्या नळीत सुमारे तीन ग्रॅम अतिसूक्ष्म धूळ जाते. हा झाला शहराच्या सरासरी हवेचा हिशेब. पुढच्या डंपरच्या चाकांनी उडवलेली माती, भरावाच्या रस्त्यावरचा फुफाटा आणि रॅबिट उतरवताना उठणारा ढग त्यात धरलेला नाही. पिकअप तर नेमक्या अशाच ठिकाणी काम करतो.

धुळीतले वाळूचे कण म्हणजे मुख्यतः सिलिका. सिलिंडर आणि पिस्टन रिंग यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. त्या थराच्या जाडीशी मिळतेजुळते, म्हणजे पाच ते वीस मायक्रॉनचे कण सर्वांत घातक ठरतात. (माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो.) हे कण तेलात मिसळले की त्या तेलाचे पॉलिश पेपरसारखे काम सुरू होते. रिंग झिजतात, कॉम्प्रेशन कमी होते, इंजिन ‘तेल खाऊ’ लागते, ब्रीदरमधून धूर येतो. पुढे ‘हाफ इंजिन’चे काम निघते आणि ते पाच आकडी रकमेत जाते. शिवाय गाडी चार-सहा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की तेवढ्या दिवसांचा धंदा बुडतो आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. काही शे रुपयांच्या फिल्टरचा प्रश्न असा घरखर्चापर्यंत पोहोचतो.

माहुलची हवा : धूळ वेगळी, वायू वेगळा

माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९५०च्या दशकात शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे खत कारखाना, वीजकेंद्र आणि रसायनांच्या साठवण टाक्या आल्या. त्यानंतर हजारो सदनिकांची प्रकल्पग्रस्तांची वसाहतही इथेच उभी राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये माहुल आणि आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला तेथील हवेमुळे धोका असल्याचे नमूद केले. ऑगस्ट २०२० मध्ये याच प्रकरणात लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी धूळ नव्हती. टाक्यांतून आणि भरणी-उतरणीच्या वेळी निसटणारी सेंद्रिय रसायनांची वाफ, ज्यांना तांत्रिक भाषेत व्हीओसी म्हणतात, ते वायू होते.

हा फरक पिकअपच्या संदर्भातही लक्षात ठेवायला हवा. ‘इंडस्ट्रियल एरियासाठी खास’ म्हणून विकला जाणारा कोणताही इंजिन फिल्टर वायू अडवत नाही. तो फक्त कण अडवतो. इंजिनाच्या दृष्टीने ते पुरेसेही आहे. हवेत मिसळलेली ती थोडी वाफ त्याच्या रिंग झिजवत नाही. तिचा त्रास होतो तो काच उघडी ठेवून, टँकरच्या रांगेत तासभर अडकलेल्या चालकाला. जुन्या पिकअपच्या केबिनला कसलाच फिल्टर नसतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल या वायूंवर निरुपयोगी आहे. अशा रांगेत दोन्हीकडच्या काचा लावाव्यात, तर उन्हाळ्यात केबिनची भट्टी होते.

काळा धूर येतो कशामुळे?

पेट्रोल इंजिनात हवेचे प्रमाण झडपेने नियंत्रित होते. जुन्या डिझेल इंजिनात तशी झडप नसते. ते मिळेल तेवढी हवा ओढते आणि ताकद किती हे आत फवारलेल्या डिझेलवर ठरते. फिल्टर धुळीने तुंबला की हवा कमी पडते, पण पंप डिझेल पूर्वीइतकेच देत राहतो. ते पूर्ण जळत नाही आणि काजळी होऊन बाहेर पडते. चालकाला ताकद कमी झाल्यासारखी वाटते, म्हणून तो अॅक्सिलरेटर आणखी दाबतो आणि धूर आणखी वाढतो.

यापुढची चूक बऱ्याचदा गॅरेजमध्ये होते. फिल्टर न पाहता ‘पंप वाढवला’ जातो, म्हणजे डिझेल पंपाचे सील तोडून इंधनाचे प्रमाण चढवले जाते. चार दिवस गाडी जोरात पळते. हवा मात्र तेवढीच असल्याने जादा डिझेल धुरातच जाते, सिलिंडरचे तापमान वाढते आणि काजळी तेलात उतरते. मुंबईच्या रस्त्यांवर धूर ओकणाऱ्या जुन्या टेम्पोंच्या मागे दोष केवळ वयाचा नसतो. अशा ‘सेटिंग’चाही त्यात मोठा वाटा असतो.

याच तर्काने उघड्या शंकू फिल्टरचा दावाही तपासता येतो. इंधन तेवढेच ठेवून हवा थोडी जास्त दिली, तर डिझेल इंजिनाची ताकद फारशी वाढत नाही. मूळ कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर तो हवेला फार अडथळाही करत नाही. ज्या गाडीला नवा फिल्टर लावल्यावर ‘जमीन-अस्मानाचा फरक’ जाणवतो, त्या गाडीचा जुना फिल्टर तुंबलेला असण्याचीच शक्यता जास्त. तेथे त्याच मापाचा नवा कागदी फिल्टर घातला असता तरी तोच फरक पडला असता. अॅव्हरेजच्या दाव्याबाबतही सावध राहिलेले बरे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत आधुनिक इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल मोटारींचा फिल्टर मुद्दाम तुंबवूनही इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली.

उघड्या फिल्टरचा दुसरा दोष म्हणजे तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. मूळ डब्याची नळी साधारणपणे बाहेरच्या थंड हवेकडे वळवलेली असते. हवा तीस अंशांवरून साठ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ‘मोकळी हवा’ मिळवण्यासाठी खर्च करून प्रत्यक्षात कमी प्राणवायू पदरात पडतो. आवाज तेवढा वाढतो आणि बहुधा त्यामुळेच ताकद वाढल्याचा भास होत असावा.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो की ९९.८ टक्के, हा फरक कानाला किरकोळ वाटतो. पण इंजिनात शिरणारी धूळ पाहिली तर एका बाबतीत ती एक टक्का आहे आणि दुसऱ्या बाबतीत ०.२ टक्के, म्हणजे थेट पाचपट. हवा जितकी सहज जाते तितकी बारीक धूळही सहज जाण्याचा धोका असतो. तेल लावून वापरायचे कापडी जाळीचे फिल्टर नीट देखभाल केली तर काम देतात. मात्र तेल कमी पडले तर धूळ गळते आणि जास्त झाले तर ते पुढे ओढले जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. मुंबईत एप्रिल २०१० नंतर आलेल्या बीएस-४ श्रेणीच्या अनेक गाड्यांत असा सेन्सर असतो.

गळती फिल्टरच्या बाजूने

जाणते मेकॅनिक जुनी गाडी आली की आधी फिल्टर नव्हे, तर डबा आणि त्यामागची रबरी नळी पाहतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीत ही नळी घडीच्या जागी चिरलेली असते. क्लॅम्प सैल असतो किंवा त्याच्या जागी तार बांधलेली असते. डब्याच्या झाकणाची एखादी क्लिप तुटलेली असते. इंजिन ओढीने हवा घेत असल्याने प्रत्येक फट म्हणजे न गाळलेल्या हवेचा चोरदरवाजा ठरते. हवेचा दहावा हिस्सा जरी अशा फटीतून गेला, तरी पुढचा फिल्टर कितीही भारी असो, दहा टक्के धूळ सरळ सिलिंडरमध्ये पोहोचते. वर सांगितलेल्या ०.२ टक्क्यांच्या तुलनेत ही पन्नासपट झाली. त्यामुळे जुन्या पिकअपच्या बाबतीत पहिली ‘सुधारणा’ म्हणजे नवी नळी, दोन चांगले क्लॅम्प आणि घट्ट बसणारे झाकण.

काही गाड्यांच्या डब्याच्या तळाशी चोचीसारखी रबरी झडप असते. जड धूळ आणि पाणी तिच्यातून आपोआप खाली पडते. ती निघून पडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि तेथून डबा उलट धूळच ओढू लागतो. सुट्या भागांच्या दुकानांत ती मिळते, किंमतही नगण्य असते. पण मागणारे फार थोडे.

‘हवा मारणे’ हा आणखी एक जुना रिवाज. फिल्टर काढायचा, पंक्चरवाल्याकडे न्यायचा आणि टायरच्या कॉम्प्रेसरने झोडपायचा. टायरमध्ये भरायच्या दाबाची हवा कागदाच्या घड्यांवर जवळून मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात अधिकच रुतते. उत्पादकाने परवानगी दिली असेल तर कमी दाबाची हवा आतून बाहेर आणि अंतर राखून मारावी, आणि तीही एक-दोनदाच. आपटून धूळ झाडल्याने तर कडेचे रबर वाकडे होते आणि पुन्हा फट पडते. येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो अधिक बारीक कण अडवू लागतो. म्हणून रोज उघडून साफ केलेला फिल्टर योग्य वेळेपर्यंत न उघडलेल्या फिल्टरपेक्षा चांगला असतोच असे नाही. प्रत्येक वेळी डबा उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूलाही सांडते.

मग बदलायचा केव्हा? पुस्तिकेतील किलोमीटरचा आकडा चांगल्या रस्त्यांसाठी असतो. धुळीच्या भागासाठी बहुतेक पुस्तिकांत निम्म्या किंवा त्याहून कमी अंतराची वेगळी सूचना असते. ती वाचली जात नाही, हा भाग अलाहिदा. माहुल, देवनार, वडाळ्याचे ट्रक टर्मिनल असा दिनक्रम असलेल्या गाडीने ती दुसरी सूचनाच प्रमाण मानावी. पावसाळ्यात ओलसर झालेला कागद फुगून हवेला अडथळा करतो, त्यामुळे पावसाळ्यानंतर एकदा फिल्टर बदलणे शहाणपणाचे.

खर्च करावासा वाटल्यास

काही बदल मात्र खरोखर उपयोगी आहेत. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पारदर्शक टोपीसारखा भाग दिसतो, तो सायक्लोन प्री-क्लीनर. त्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि जड कण बाजूला फेकले जातात. त्यामुळे मुख्य फिल्टरवरचा भार कमी होतो. आकाराला योग्य असा प्री-क्लीनर खडी-रेतीच्या कामावर असलेल्या पिकअपला उपकारक ठरतो. जुन्या जीपवर आधारलेल्या गाड्यांत ‘ऑइल बाथ’ पद्धतीचा, म्हणजे तेलाच्या भांड्यावरून हवा नेणारा फिल्टर असे. हवेचा वेग कमी असताना, म्हणजे कोंडीत रखडताना, तो नीट काम करत नाही. मुंबईत गाडी बराच वेळ तशीच चालते. तेथे कंपनीचाच कोरड्या कागदी फिल्टरचा संच बसत असेल, तर तो बदल सार्थकी लागतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे अडथळादर्शक. मोठ्या ट्रकच्या हवेच्या नळीवर बोटाएवढी पारदर्शक कुपी असते. फिल्टर तुंबून ओढ ठराविक मर्यादेपलीकडे गेली की तिच्यात लाल पट्टी दिसते. मोठ्या डिझेल इंजिनांत ही मर्यादा साधारण २५ इंच पाण्याच्या स्तंभाइतकी धरतात. लहान पिकअपला ही कुपी सहसा मुळात नसते, पण तिच्या इंजिनाला साजेशा मर्यादेची बसवता येते. मग किलोमीटर मोजण्याची आणि अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. टर्बो असलेल्या गाडीत तर तिचा दुहेरी उपयोग आहे. फिल्टर तुंबला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढून सीलमधून तेल खेचले जाते, आणि नळी फाटली की मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या मारणाऱ्या पात्यांवर धूळ आदळते. पहिला प्रकार कुपी वेळीच दाखवते. टर्बोच्या पुढची नळी फाटली तर मात्र शिट्टीसारखा आवाज येतो, काळा धूर येतो आणि बिचारा फिल्टर उगाच बदलला जातो.

नळीचे तोंड कोठे आहे, यालाही मुंबईत महत्त्व आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात गाडी सुरू ठेवण्याच्या प्रयत्नात अनेकांची इंजिने कामातून गेली. सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी शिरले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. खाली, बंपरजवळ बसवलेला उघडा फिल्टर हा धोका ओढवून घेतो.

कायदा आणि पीयूसी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. नियमबाह्य फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद २०१९च्या दुरुस्तीने आली. त्याच मापाचा फिल्टर, नळी किंवा क्लॅम्प बदलणे ही देखभाल आहे, फेरफार नव्हे. बॉनेट कापून नळी वर काढण्यासारखे काम करायचे असेल, तर आधी वडाळ्याच्या आरटीओत विचारणा करावी. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता तपासणीला सामोरे जावे लागतेच.

पीयूसी चाचणीत डिझेल गाडी उभी ठेवून अॅक्सिलरेटर झटक्याने दाबतात आणि धुराची घनता मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांसाठी प्रकाशशोषणाची मर्यादा मीटरमागे २.४५, तर बीएस-४ साठी १.६२ आहे. पहिल्या गटाचे प्रमाणपत्र सहा महिने चालते, दुसऱ्याचे वर्षभर. तुंबलेला फिल्टर आणि ‘वाढवलेला’ पंप ही जोडी या चाचणीत लगेच उघडी पडते; अर्थात चाचणी खरोखर केली गेली तर. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहनांवर बंदी शक्य आहे का, हे तपासण्यासाठी समिती नेमली. त्यामुळे जुन्या डिझेल गाड्यांवरील नजर यापुढे अधिक कडक होण्याचीच चिन्हे आहेत.

फिल्टर ठीक काम करतो आहे की नाही, हे घरच्या घरी तपासण्याची एक साधी रीत मेकॅनिक सांगतात. इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरच्या पुढची, म्हणजे इंजिनाकडे जाणारी नळी सोडवावी आणि तिच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. तेलाचा हलका ओशटपणा लागला तर काळजीचे कारण नाही. फडक्याला मातीचा करडा रंग लागला, तर दोष फिल्टरमध्ये आहे की सांध्यात, ते शोधल्याशिवाय गाडी पुन्हा रस्त्यावर काढू नये.